लेकीसाठी आणि हरणाच्या शिकारीसाठी रायफल: मॅग्नम राहू द्या, आधी दस्ता मोजा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. तुम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहता, ग्रीन कार्ड आहे. पेनसिल्व्हेनियात पोकोनोजच्या डोंगराळ भागात ऑफिसातल्या मित्राची थोडी रानाची जमीन आहे आणि येत्या हंगामात त्याने हरणाच्या शिकारीला बोलावलंय. लेक अकरा वर्षांची आहे, पुढच्या ऑगस्टमध्ये तिला बारा पूर्ण होतील, आणि तिलाही शिकायचंय. तुमचा स्वतःचा अनुभव म्हणजे कॉलेजात एनसीसीमध्ये मारलेली .२२ (०.२२ इंच व्यासाच्या बारीक काडतुसाची रायफल). दुकानदाराने तुमच्यासाठी .३०० विंचेस्टर मॅग्नम (जबर दणक्याच्या मोठ्या काडतुसाची रायफल) सुचवलीय आणि लेकीसाठी .२४३ ची हलकी ‘यूथ’ रायफल. वहिनींची अट एकच, बंदूक घरात आली तर ती कुलपातच राहील.

माझं उत्तर: रायफली दोनच घ्या, पण या दोन नव्हेत. एक .२२, आत्ता, दोघांनी शिकायला. आणि दोघांत मिळून हरणासाठी एकच ७ एमएम-०८ या मध्यम काडतुसाची रायफल, जिच्या दस्त्याची (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या भागाची) लांबी कमी-जास्त करता येते. या हंगामात ती तुम्ही वापरायची, पुढच्या हंगामात ती लेकीची. मी पूर्व पेनसिल्व्हेनियात राहतो आणि शिकारीच्या सुरक्षेच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो. तिथे दर वर्षी जे बघतो त्यावरून सांगतोय.

आधी कायद्याचं, कारण त्यात निम्मे पर्याय आपोआप गळतात. न्यू जर्सीत हरणाची शिकार रायफलने करताच येत नाही. तिथे शॉटगन, मझललोडर (नळीच्या तोंडातून भरायची बंदूक) किंवा धनुष्य. म्हणजे तुमची रायफल फक्त डेलावेअर नदीपलीकडे, पेनसिल्व्हेनियात कामाची. पेनसिल्व्हेनियात हरणावर सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप भरणारी) रायफल चालत नाही, आणि .२२ रिमफायरही (पिन काडतुसाच्या कडेवर आपटते ती) चालत नाही. सेंटरफायर (पिन बुडाच्या मधोमध आपटते त्या) काडतुसाची, हाताने बोल्ट किंवा लिव्हर ओढायची रायफल हवी. त्यामुळे ‘एआर (एआर-१५ धाटणीची सेमी-ऑटो) घेऊ का’ हा प्रश्न निकालात निघाला. नवशिक्याला बोल्टच बरी, का ते पुढे येईलच. ‘मग न्यू जर्सीतच वीस गेजची (त्यातल्या त्यात बारीक नळीची) शॉटगन घेऊन स्लग (छर्‍यांऐवजी एकच जाड गोळी) मारू’ असं कोणी सुचवेल. लेकीसाठी ते नको. हलक्या वीस गेजमधून स्लग मारला की खांद्याला बसणारा दणका .२४३ च्या दुपटीच्या आसपास असतो. ‘लहान गेज म्हणजे सौम्य’ हा गैरसमज फार पसरलेला आहे.

आता मुख्य मुद्दा, धक्क्याचा. साधारण साडेसात-आठ पाउंडांच्या रायफलीत ढोबळमानाने .२४३ चा धक्का ९ फूट-पाउंड, ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर यांचा १२, .३०८ चा १६-१७, .३०-०६ चा २० आणि .३०० विंचेस्टर मॅग्नमचा २६ च्या पुढे. .२२ चा जवळपास शून्य. आकडे दारूच्या भरीप्रमाणे आणि रायफलीच्या वजनाप्रमाणे हलतात, पण क्रम तोच राहतो. पंधराच्या वर गेलं की नवशिक्या माणसाचं शरीर, मनाला न विचारता, सावध व्हायला लागतं. चाप सुटायच्या आधीच डोळे मिटतात, खांदा पुढे येतो, नळी खाली जाते. हे एकदा अंगात मुरलं की काढायला महिने लागतात. पोकोनोजच्या झाडीत तुम्हाला शंभर यार्डांच्या पुढचं हरीण क्वचितच दिसेल. त्या अंतरावर १८९५ सालची .३०-३० आजही पुरून उरते. तिथे मॅग्नमने जास्तीचं काय मिळतं? हरणाच्या खांद्याचं मांस नासतं आणि नेम चुकायची खात्री वाढते. ‘उद्या अलास्काला गेलात तर’ या वाक्यावर दुकानात पुष्कळ मॅग्नम विकल्या जातात. अलास्काला जाल तेव्हा बघू. आणि कोलोराडोत एल्कच्या (मोठ्या जातीच्या हरणाच्या) शिकारीला जायचं म्हटलंत तरी तिथल्या नियमात गोळीचा किमान व्यास .२४ इंचच आहे. ७ एमएम-०८ त्यात आरामात बसते.

मग .२४३ का नको, धक्का तर सगळ्यांत कमी? .२४३ वाईट नाही. १९५५ पासून कित्येक पोरांनी पहिलं हरीण तिनेच मारलंय. पण तिची गोळी हलकी असते, ९५-१०० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). गोळी नीट खांद्यामागे, फासळ्यांत बसली तर काम फत्ते. खांद्याच्या हाडावर किंवा तिरकी बसली तर जायबंदी हरीण शोधत फिरायची पाळी यायची शक्यता जास्त. शिवाय दुकानात .२४३ ची ५५-५८ ग्रेनची काडतुसंही शेजारीच मांडलेली असतात. ती कोल्ह्या-घुशीसाठी, वरच्यावर फुटणारी. घाईत तोच डबा उचलणारे लोक मी पाहिलेत. ७ एमएम-०८ मध्ये १४० ग्रेनची गोळी जाते, कवच .३०८ चंच, फक्त मान ७ मिलिमीटरला आवळलेली. रेमिंग्टनने ती १९८० मध्ये बाजारात आणली. नवख्याच्या हातून इंच-दोन इंच चूक झाली तर तेवढी सवलत ती देते, आणि धक्का बारा वर्षांच्या मुलीला झेपण्याइतका ठेवते. एक खोट कबूल करायला हवी: तिची काडतुसं .३०८ किंवा क्रीडमूरइतकी प्रत्येक दुकानात मिळत नाहीत. एकाच लॉटचे दोन-तीन डबे आधीच घेऊन ठेवा. ते जमणार नसेल तर ६.५ क्रीडमूर घ्या. तीही चालेल, मी हटून बसणार नाही.

पण काडतुसावर लोक जेवढं डोकं खाजवतात त्याच्या पावपटही दस्त्यावर खाजवत नाहीत, आणि पोरांच्या बाबतीत सगळा घोळ तिथेच असतो. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचं अंतर मोठ्या माणसांच्या रायफलीत साधारण साडेतेरा ते पावणेचौदा इंच असतं. तुमच्या लेकीला ते बहुधा बाराच्या आसपास लागेल. मोजायची रीत सोपी आहे. रायफल रिकामी आहे हे दोनदा बघा, बोल्ट काढून ठेवा. तिने कोपर काटकोनात वाकवायचं, दस्त्याचं टोक कोपराच्या आतल्या खोबणीत टेकवायचं आणि तर्जनी चापाकडे न्यायची. बोटाचं पहिलं पेर चापावर आरामात बसलं पाहिजे. ओढून-ताणून पोचत असेल तर दस्ता लांब. आणि हे मोजताना तिच्या अंगात हिवाळी जाकीट हवं. दुकानात टी-शर्टवर बरोबर बसलेली रायफल थँक्सगिव्हिंगनंतरच्या थंडीत, दोन थर आणि जाकीट चढवल्यावर, इंचभर लांब होते. मग मूल काय करतं, तर दस्ता खांद्याच्या खोबणीतून बाहेर, दंडावर घेतं, पाठ मागे झुकवतं आणि मान पुढे काढून दुर्बिणीत डोकावतं. अशात डोळा दुर्बिणीच्या फार जवळ जातो आणि धक्क्याने तिची कड भुवईवर बसते. भुवईवरची ती चंद्रकोर इथे ओळखीची खूण आहे. त्या मुलाला पुन्हा रायफल हातात घ्यायला लावणं किती अवघड जातं ते विचारू नका.

आखूड दस्ता मोठ्याला चालवून घेता येतो, लांब दस्ता लहानाला अजिबात चालत नाही. म्हणून दस्त्यात चकत्या घालून लांबी बदलता येणारी रायफल घ्या. मॉसबर्ग पॅट्रियटच्या ‘सुपर बँटम’मध्ये १२ ते १३ इंच होते. रुगर अमेरिकनच्या दुसऱ्या पिढीच्या मॉडेलातही अशी सोय आहे. हातात घेऊन बघा, दोन्ही साध्या, कामाच्या रायफली आहेत, शोभेच्या नाहीत. चकती काढली की डोळ्याचं दुर्बिणीपासूनचं अंतरही बदलतं हे ध्यानात ठेवा. वर खाचांची पट्टी असेल तर दुर्बीण एक-दोन खाचा पुढे-मागे सरकवता येते. सरकवली की नेम पुन्हा लावायचा, ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणायचं नाही. दुर्बीण ३-९×४० ची (तीन ते नऊ पट मोठं दाखवणारी) पुरे. जंगलात बसताना ती ३ वरच ठेवा. ९ वर ठेवून बसलेल्याला पन्नास यार्डांवरच्या हरणाऐवजी नुसती तपकिरी लव दिसते.

‘यूथ’ लिहिलेल्या रायफलींबद्दल आणखी एक. त्या बहुतेक वेळा हलक्या केलेल्या असतात. खांद्यावर अडकवून चालायला छान, पण वजन कमी म्हणजे धक्का जास्त, आणि तो ज्याला सर्वांत कमी झेपतो त्यालाच. पोराला रायफल उभ्याने हातात तोलायची नसतेच. मचाणाच्या किंवा आडोशाच्या आत बसून, तिकाटण्यावर टेकवून मारायची असते. त्यामुळे दुर्बिणीसकट साडेसात पाउंड वजन चांगलंच. नळीच्या तोंडाला मझल ब्रेक (भोकं असलेली टोपी) असेल तर काढून टाका. तो धक्का कमी करतो खरा, पण आवाज बाजूला आणि मागे फेकतो. मुलं धक्क्याइतकीच आवाजाला बिचकतात. सेंटरफायरचा आवाज दीडशे डेसिबलच्या वर असतो. सरावाला कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही.

आता .२२ कडे. तुम्ही ती ‘खेळणं’ समजून ओलांडू पाहताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. कोल्हापूरच्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं ते ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये, आणि त्या प्रकारात काडतूस .२२ चंच असतं. नेम, श्वास, चाप, सगळं शिकायला यापेक्षा चांगलं काही नाही, आणि .३०८ च्या एका शिकारी काडतुसाच्या पैशात .२२ ची पंधरा-वीस येतात. ‘क्रिकेट’ नावाची किंवा सॅव्हेज रास्कल या एकबारी रायफली गोड आहेत, पण त्या सहा-आठ वर्षांच्या पोरांच्या मापाच्या. तुमच्या लेकीला वर्षभरात आखूड पडतील. सीझेड ४५७ स्काउट घ्या. दस्ता बारा इंच, सोबत एकावेळी एकच काडतूस भरायचा अडॅप्टर येतो, आणि पुढे मॅगझीनही लावता येतं. पहिले काही महिने अडॅप्टरच. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट उघडायचा, काडतूस हाताने ठेवायचं, बोल्ट बंद करायचा. या संथपणात मूल विचार करायला शिकतं. रुगर १०/२२ सगळ्यांकडे असते, १९६४ पासून आहे, रायफल उत्तम, पण ती सेमी-ऑटो. पहिल्या दिवशी पोराच्या हातात ती दिली की डबा पंधरा मिनिटांत संपतो आणि शिकणं होत नाही. स्वस्तात एअर रायफल घेऊ असंही मनात आणू नका. न्यू जर्सीत एअर रायफलसुद्धा कायद्याने बंदूकच आहे, तिलाही बंदूक खरेदीचं तेच ओळखपत्र लागतं.

विकत घेण्याआधी तिचा कुठला डोळा मुख्य आहे ते तपासा. दोन्ही हात पुढे करून पंजांचा त्रिकोण करायचा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून भिंतीवरचं घड्याळ बघायचं, मग एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याने घड्याळ जागेवर राहतं तो मुख्य. ती उजव्या हाताने लिहिते आणि डोळा डावा निघाला, तर माझं मत असं की इतक्या लहान वयात डाव्या खांद्यावरूनच शिकवावं आणि डाव्या हाताचा बोल्ट घ्यावा. यावर मतभेद आहेत. काही जण डोळ्यावर पट्टी चिकटवून उजवीकडूनच शिकवतात. पण रायफल आणल्यावर हे लक्षात येणं महागात पडतं.

सराव असा करा. .२२ ने २५ यार्डांवर, टेकू घेऊन. मग जेवायच्या कागदी ताटलीवर ५० यार्ड. ताटली साधारण नऊ इंचांची, आणि हरणाचं काळीज-फुप्फुस आठ इंचांच्या वर्तुळात बसतं. जंगलात ज्या बैठकीतून मारणार त्याच बैठकीतून सगळ्या गोळ्या ताटलीत बसतात ते अंतर म्हणजे तुमची हद्द. लेकीची हद्द साठ यार्ड असेल तर सत्तरवरचं हरीण तिचं नाही. एनसीसीत तुम्ही पालथं पडून मारलंत. इथे झुडपांत पालथं पडलात तर काहीच दिसणार नाही, तेव्हा बसून आणि गुडघ्यावर सराव तुम्हालाही नव्याने करायचाय.

सेंटरफायर हातात आल्यावर एका दिवशी तिला पाच-सहापेक्षा जास्त गोळ्या मारू देऊ नका. सुरुवात कमी धक्क्याच्या काडतुसांनी करा, हॉर्नडीची ‘कस्टम लाइट’ ७ एमएम-०८ मध्ये येते. फक्त त्यांची गोळी निशाणावर वेगळ्या जागी बसते, म्हणून हंगामाआधी शेवटचा नेम शिकारीच्याच काडतुसांनी, शंभर यार्डांवर लावायचा. आणि एक खेळ दर वेळी खेळा. काडतूस तुम्ही भरायचं, तिने बघायचं नाही. मध्येच एक खोटं, बिनदारूचं काडतूस भरायचं. ती चाप ओढेल, ‘टक्’ एवढाच आवाज होईल, आणि तेव्हा तिच्याकडे नाही, नळीच्या टोकाकडे बघा. टोक स्थिर राहिलं तर सगळं ठीक. टोक दोन बोटं खाली गेलं तर तिला सांगायचीही गरज नाही, तिचं तिलाच दिसतं आणि बहुतेक मुलं हसतात. त्या दिवशी मोठी रायफल पिशवीत, परत .२२ बाहेर. मग जागा बदला आणि तुम्ही मारा, काडतूस तिला भरू द्या. बापाची नळी खाली जाते तेव्हा पोरं फार खूश होतात, आणि चाळिशीतल्या माणसांची ती हमखास जाते. घरी रिकाम्या रायफलीवर चाप ओढायचा सराव सेंटरफायरवर बिनधास्त करा. .२२ रिमफायरमध्ये मात्र आत खोटं काडतूस घालूनच, नाहीतर पिन नळीच्या काठावर आपटत राहते.

हा हंगाम तुमचा, पुढचा तिचा, असं मी म्हणालो त्याचं कारण वय. पेनसिल्व्हेनियात शिकारीच्या सुरक्षेचा वर्ग अकराव्या वर्षापासून करता येतो आणि ज्युनियर परवाना बाराव्यापासून. बारा-तेराच्या मुलासोबत पालक किंवा घरातलं अठरा वर्षांवरचं माणूस लागतं. तुम्हालाही वर्ग करावाच लागेल, दोघांनी बरोबरच करा. न्यू जर्सीत केलात तरी ते प्रमाणपत्र इकडे चालतं. रायफलीचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी उघडतो. या वर्षी ती तुमच्याशेजारी रिकाम्या हाताने बसू दे, दोघांच्याही डोक्या-छाती-पाठीवर नियमाप्रमाणे किमान २५० चौरस इंच केशरी रंग हवा. हरीण पडल्यावर सोलणं-साफ करणं तिला बघू दे. ते बघून तिचा विचार बदलला तर आत्ताच कळलेलं बरं. पुढच्या वर्षी ती मारेल तेव्हा तुमच्या हातात रायफल नको. एकाच वेळी स्वतःच्या सावजाकडे आणि पोराच्या नळीकडे लक्ष ठेवणं कोणालाच जमत नाही.

वहिनींची अट रास्त आहे आणि बोल्ट रायफलीने ती पाळणं सोपं जातं. रायफल कपाटात कुलपाबंद, बोल्ट काढून दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. बोल्ट नसलेली रायफल चालवताच येत नाही. किल्ली किंवा आकडा लेकीला माहीत नको, ती कितीही शहाणी असली तरी. धोका फक्त घरच्या मुलाचा नसतो, खेळायला आलेल्या मैत्रिणींचाही असतो. गाडीतून नेताना रिकामी, बंद पेटीत, डिकीत.

खरेदी न्यू जर्सीतल्याच दुकानातून करा. त्यासाठी आधी बंदूक खरेदीचं ओळखपत्र लागेल. अर्ज तुमच्या गावच्या पोलिसांमार्फत, बोटांचे ठसे वगैरे, वेळ लागतो, तेव्हा आजच सुरू करा. ग्रीन कार्डवाल्याला अडचण नाही. दोन्ही रायफली तुमच्याच नावावर राहतील. तुमच्या ज्या दुसऱ्या मित्राला सोबत यायचंय तो एच-१बी वर आहे म्हणालात. त्याचं प्रकरण वेगळं. बिगर-स्थलांतरित व्हिसावरच्या माणसाला केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला बंदी आहे, आणि रेंजवर भाड्याची रायफल दोन मिनिटं हातात घेणं हाही ताबाच धरला जातो. अमेरिकेतल्या कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर त्या बंदीतून सूट मिळते. म्हणून त्याने आधी वर्ग करावा, परवाना काढावा, तो खिशात ठेवावा, आपल्या इमिग्रेशन वकिलाशी एकदा बोलून घ्यावं, आणि तोपर्यंत तुमच्यासोबत रेंजवर आला तरी बंदुकीला हात लावू नये.